शंकासुर : भांडुपच्या अरुंद जागेतले झुडूप

भांडुपमध्ये झाड लावायचे म्हटले की पहिला प्रश्न जागेचा येतो, मातीचा नंतर. स्टेशनच्या पश्चिमेकडून डोंगराकडे निघालात की चाळी एकमेकींना खेटून उभ्या दिसतात. टेंभीपाडा, तुळशेतपाडा, खिंडीपाडा या बाजूला अनेक गल्ल्यांत आपली पायरी आणि समोरच्यांची मोरी यांच्यामध्ये दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. लालबहादूर शास्त्री मार्गालगतचे कारखाने एकेक करून गेले आणि तिथे टॉवर उभे राहिले. त्या टॉवरांच्या बागा पोडियमवर असतात, म्हणजे गाड्या लावायच्या मजल्याच्या छतावर टाकलेल्या हात-दीड हात मातीत. रुळांच्या पूर्वेला गेले तर पुढे मिठागरे, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. अशा गावात वड कुठे लावायचा आणि फणस कुठे?

तरीही पावसाळा आला की वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत वाटली जाणारी रोपे बहुधा मोठ्या वृक्षांचीच असतात. लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण रोपाचे पुढे काय होते ते आपण सगळे पाहतो. कंपाउंडच्या भिंतीपासून फूटभरावर लावलेला पिंपळ दहा वर्षांत भिंत फोडतो. तारांखाली लावलेला बदाम दर वर्षी शेंड्याला छाटला जातो आणि शेवटी खुंट होऊन उभा राहतो. मोठ्या झाडांना मोकळी जागा मिळाली पाहिजे, त्यासाठी भांडलेही पाहिजे. पण ती जागा मिळेपर्यंत आपल्या हाती असलेल्या चार फुटांत काय लावायचे, याचेही उत्तर हवे. या पुस्तिकेचे उत्तर शंकासुर हे आहे.

शंकासुर बहुतेकांनी पाहिलेला असतो, नाव ठाऊक असतेच असे नाही. कुणी त्याला लहान गुलमोहर म्हणतात, आणि पाने पाहिली तर ते सहज पटते. तशीच दुहेरी पिसांसारखी संयुक्त पाने, तसाच लाल-केशरी रंग, तशीच चपटी शेंग. दोघेही शेंगवर्गातले, पण गुलमोहर मादागास्करचा वृक्ष आहे आणि शंकासुर उष्ण अमेरिकेतले झुडूप. शास्त्रीय नाव सिसाल्पिनिया पुल्चेरिमा. उंची साधारण दहा फूट. मोकळ्या जमिनीत, न छाटता सोडला तर त्याहून थोडी जास्त. फांद्यांवर विरळ काटे असतात. फुलांचे तुरे फांदीच्या टोकाला येतात आणि खालून वर उमलत जातात. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या. त्यांतली एक लहान, बाकी चार कडेला चुणीदार. आणि मधून बाहेर झेपावणारे दहा लांब तांबडे पुंकेसर. ओळख पटवायची असेल तर या पुंकेसरांकडे बघा. गुलमोहराच्या फुलात ते इतके लांब बाहेर येत नाहीत. निव्वळ पिवळ्या फुलांचा आणि गुलाबी फुलांचा प्रकारही मिळतो, पण लाल-पिवळा मूळ प्रकार सर्वांत काटक, असे माझे मत आहे.

गुलमोहर उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळतो. शंकासुर मुंबईच्या हवेत बाराही महिने हिरवा राहतो. जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे तो पाने टाकतो. आपल्याकडे तेवढी थंडी पडतच नाही. ज्या चाळीसमोर एकच झुडूप मावते तिथे ते मार्च-एप्रिलमध्ये उघडेबोडके नसणे याला महत्त्व आहे. फुलेही जवळजवळ वर्षभर येत राहतात, पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत भरघोस. सकाळी परडी घेऊन फिरणाऱ्यांच्या हातात शंकासुराचे तुरे दिसतात ते त्यामुळेच.

हे झुडूप आपल्याकडे आले कसे, ही कथा मोठी आहे आणि तिचा एक भाग काळजाला भिडणारा आहे. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारातल्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवला. तो 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅमला छापला गेला. त्या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. त्यांचे नागरी लिपीतले कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. याच ग्रंथात शंकासुर ‘चेट्टी मंदारू’ या नावाने येतो. म्हणजे कोलंबसानंतर दोनशे वर्षे भरायच्या आत हे अमेरिकन झुडूप आपल्या पश्चिम किनाऱ्यावर इतके रुळले होते की त्याला देशी नाव होते. लिनियसने 1753 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा त्याचे ठिकाण ‘इंडीज’ असेच लिहिले. जी झाडे आपण पिढ्यान्‌पिढ्या परसात पाहतो त्यांतली कितीतरी अशी समुद्रावरून आलेली आहेत.

त्याच सुमारास, 1699 मध्ये, मारिया सिबिला मेरियान ही चित्रकार आणि कीटक-अभ्यासक आपल्या मुलीला घेऊन डच सुरिनामला गेली. दोन वर्षांनी परत येऊन 1705 मध्ये तिने सुरिनामच्या कीटकांवर मोठा सचित्र ग्रंथ काढला. त्यात एका पानावर शंकासुराची फांदी आहे. सोबत तिने लिहून ठेवले आहे की डच मालकांच्या जाचातल्या स्थानिक स्त्रिया या झाडाच्या बिया गर्भपातासाठी वापरत, आपली मुले आपल्यासारखी गुलाम होऊ नयेत म्हणून. लाँडा शीबिंगर या इतिहासकार विदुषीने 2004 मध्ये ‘प्लान्ट्स अँड एम्पायर’ या पुस्तकात याच नोंदीचा धागा धरून एक प्रश्न विचारला : फूल युरोपच्या बागांत पोचले, पण त्याबद्दलचे बायकांचे हे ज्ञान का पोचले नाही? शंकासुराला नुसते शोभेचे झाड म्हणणाऱ्यांनी हे पान वाचले पाहिजे. आज हेच फूल बार्बाडोसचे राष्ट्रीय फूल आहे, त्या देशाच्या राजचिन्हावर आहे.

या इतिहासातून निघणारी एक खबरदारी इथेच सांगून टाकतो. शंकासुराच्या बिया, साल, पाने यांचा काढा कुणीही घरच्या घरी करून घेऊ नये. गरोदर स्त्रियांनी तर मुळीच नाही. लहान मुले शेंगा फोडून खेळतात. खेळू द्या, पण बी तोंडात जाणार नाही याकडे लक्ष ठेवा.

आता भांडुपच्या हवामानाकडे. इथला पाऊस भांडुपकरांना सांगायला नको. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाल्याचे सर्वांना पाठ आहे, पण त्याच दिवशी आपल्या डोंगरापलीकडच्या विहार तलावावर 1,049 मिलिमीटरची नोंद झाली होती. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि मग ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत आभाळ कोरडे. शंकासुराची गरज नेमकी उलट्या बाजूने समजून घ्यावी लागते. कोरडे महिने त्याला सोसतात, साचलेले पाणी सोसत नाही. त्याची रोपे मरतात ती बहुतांशी जुलै-ऑगस्टमध्ये, मुळाशी पाणी तुंबून. मेमध्ये पाणी घालायचे राहिले म्हणून मेलेला रुजलेला शंकासुर क्वचितच दिसतो.

पश्चिमेकडे उतारावर मुरूम आणि तांबडी माती आहे. पाणी आपोआप वाहून जाते आणि शंकासुर तिथे फारसे काही न करता वाढतो. सखल भागात, नाल्यालगत आणि पूर्वेकडच्या चिकण, खारवट जमिनीत खड्डा खणून रोप लावले तर तो खड्डा पावसात हौद होतो. अशा जागी खणू नका. विटा किंवा दगड रचून दीड फूट उंच वाफा करा, त्यात मुरूम, माती आणि कुजलेले शेणखत भरा आणि रोप त्यावर लावा. एवढ्या एका गोष्टीने फरक पडतो.

शहराच्या मोठ्या भागाला पुरवले जाणारे पाणी भांडुप संकुलात शुद्ध होते, पण त्याच डोंगराच्या उतारावरच्या घरांत नळ ठरलेल्या वेळीच येतो आणि हंडे-पिंप भरून ठेवावी लागतात. तिथे बागेसाठी वेगळे पाणी मागणे हा अन्याय आहे. रुजलेल्या शंकासुराला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी पुरते, आणि ते तांदूळ-डाळ धुतलेले असले तरी चालते. साबणाचे मात्र घालू नका.

बियांपासून रोप करणे हा या पुस्तिकेचा गाभा आहे. नर्सरीतून आणलेले रोप लवकर फुलते, हे खरे. फांदीचे कलमही लागते, पण बेभरवशाचे. बी मात्र फुकट आहे, हुकमी आहे आणि वर्षभराच्या आत फुलावर येते. शेंगा हिवाळ्यात सुकून तपकिरी होतात आणि एका दुपारी उन्हाने तडकतात. दोन्ही सालपटे पीळ खाऊन बिया लांब फेकतात. म्हणून शेंग वाळत आली की तुऱ्याला जुन्या ओढणीचा तुकडा सैल बांधून ठेवावा. त्यात मिळालेल्या चपट्या, चकचकीत बिया कोरड्या डब्यात दोन-तीन वर्षे टिकतात.

बीचे कवच कडक असते. तसेच पेरले तर काही बिया आठवड्यात उगवतील, काही पुढच्या पावसात. सगळ्या एकदम उगवायच्या असतील तर बीची एक कड खडबडीत फरशीवर घासून आतला पांढरा भाग जरासा दिसू द्यावा; ज्या टोकाने बी शेंगेला जोडलेले असते ते टोक घासू नये, कोंब तिथून निघतो. घासायचे नसेल तर उकळून उतरवलेल्या पाण्यात बिया टाकून रात्रभर तशाच ठेवाव्यात. सकाळी ज्या फुगलेल्या असतील त्या पेराव्यात, बाकीच्यांना पुन्हा तोच उपचार करावा. पेरताना बोटाच्या पहिल्या पेराच्या निम्म्याइतकी खोली पुरे. दुधाच्या रिकाम्या पिशवीला खाली भोके पाडली की झाली रोपाची पिशवी.

पेरणीसाठी एप्रिल-मे चांगला. तेव्हा ऊन भरपूर असते आणि जूनपर्यंत रोप वीतभर होते. पण पहिल्या मुसळधार पावसात ते जमिनीत नेऊ नये. जुलै सरताना, पावसाची झड कमी झाली की लावावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात लावलेली रोपे गळून पडण्याचे कारण बहुधा उतावळेपणा असते.

ऊन हे एकच अनुदान शंकासुर मागतो. दिवसातून सहा तास थेट ऊन हवे. दाटीच्या चाळीत ते मिळत नसेल तर हट्टाने लावू नका. झाड उंच, लुकडे होईल आणि फुलणार नाही. अशा ठिकाणी पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या कडेला, जिथे ऊन उतरते तिथे, कुंडीत लावता येईल. रंगाची वीस लिटरची बादली सुरुवातीला चालते, पुढे निळा ड्रम अर्धा कापून घ्यावा लागतो. इथे वजनाचा हिशेब करा. अर्ध्या ड्रमात साधारण शंभर लिटर माती बसते आणि भिजल्यावर तिचे वजन दीडशे किलोच्या पुढे जाते. जुन्या चाळीच्या गॅलरीवर किंवा पत्र्यावर असा ड्रम ठेवणे धोक्याचे आहे. तो भिंतीच्या किंवा खांबाच्या डोक्यावर येईल असा ठेवावा, आणि इमारत जुनी असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय ठेवूच नये. टॉवरच्या पोडियमवर हा प्रश्न कमी येतो, आणि तिथल्या उथळ मातीत मोठ्या वृक्षापेक्षा हेच झुडूप शोभते.

छाटणीबद्दल लोकांच्या मनात भीती असते. शंकासुराच्या बाबतीत ती सोडून द्या. फुले नव्या फांदीच्या टोकाला येतात. त्यामुळे जुनी फांदी राखून काही मिळत नाही. फेब्रुवारीत, होळीच्या आधी, सगळे झुडूप गुडघ्यापर्यंत खाली आणले तरी चैत्रात नवे धुमारे फुटतात आणि पावसाळ्यात तुऱ्यांनी भरून येतात. वर्षातून एकदा अशी कठोर छाटणी आणि मधूनमधून वाळलेले तुरे काढणे, एवढेच. कडेला रांगेने दोन-अडीच फुटांवर लावून कुंपणही होते, काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. छाटताना हातमोजे घाला. जंगलाला लागून असलेल्या पाड्यांत मात्र हे कुंपण दाट होऊ देऊ नका. खालच्या फांद्या काढून बुंधा मोकळा ठेवा, म्हणजे पलीकडचे दिसते. बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्या वस्तीला हे वेगळे समजवावे लागत नाही.

किडींचा त्रास थोडा. पिठ्या ढेकूण कधी कोवळ्या शेंड्यांवर येतो. सुरुवातीलाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा. राहिला तर लिटरभर पाण्यात चहाचा चमचाभर कडुनिंबाचे तेल आणि थेंबभर साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. पाने पिवळी पडू लागली तर औषध शोधण्याआधी मुळाशी पाणी साचते का ते पाहा.

एक समज मात्र दूर करायला हवा, कारण बागकामाच्या अनेक पुस्तकांतून तो फिरत असतो. झाड शेंगवर्गातले, म्हणजे ते हवेतला नत्र जमिनीत साठवून माती सुपीक करणार, असे धरले जाते. तूर, हरभरा, ताग, शेवरी यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हे काम करतात. शंकासुर ज्या गटात मोडतो त्यातल्या झाडांच्या मुळांवर सहसा अशा गाठी येत नाहीत. म्हणून त्याला वर्षातून दोनदा ओंजळ-दोन ओंजळी शेणखत किंवा गांडूळखत द्यावे. जास्त दिले तर पाने वाढतील, फुले कमी होतील.

फुलपाखरांसाठी शंकासुर लावा, असे मी आवर्जून सांगतो. या फुलाचे परागीभवन मोठी फुलपाखरे कशी करतात याचा अभ्यास क्रूडेन आणि हर्मन-पार्कर यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केला. मध पिताना फुलपाखरू पंख फडफडवते, लांब पुंकेसर पंखांना घासतात आणि पराग पंखांवरून दुसऱ्या फुलाला पोचतात. ते लांब पुंकेसर इतके लांब का, याचे उत्तर इथे मिळते. आपल्याकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सान्निध्यामुळे मोठ्या फुलपाखरांची चणचण नाही. नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, याला महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला. देशात असा मान देणारे हे पहिले राज्य. पावसाळ्यानंतर नीलवंत भांडुपच्या वस्त्यांत उतरतो. शिंजीर पक्षीही या तुऱ्यांना येतात.

इतके सांगूनही एका गोष्टीवर मी ठाम आहे. शंकासुर अंगणात, कंपाउंडमध्ये, शाळेच्या कडेला, पोडियमवर लावा. डोंगरावर, जंगलाच्या हद्दीत, खाडीकाठच्या मोकळ्या जमिनीत नेऊन लावू नका. तो पाहुणा आहे, परसात आनंदाने राहतो. रानाचे घर वेगळे आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लवकर हिरवे व्हावे म्हणून टेकड्यांवर ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावली गेली. पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडियाच्या दाटीखाली देशी झाडोरा कसा माघारला ते आज कुणीही जाऊन पाहू शकतो. आपल्या डोंगरावर दर आठ वर्षांनी कारवी फुलते. धायटी आहे, कुडा आहे. तिथे काही लावायचे असेल तर वन खात्याला विचारून, तिथलेच लावावे. आणि ज्यांना आपल्या मातीतलेच सदाहरित शेंगवर्गीय झुडूप हवे असेल त्यांच्यासाठी देशावरचा तरवड आहे. पिवळ्या फुलांचा, माळरानावर उन्हात तगणारा. मुंबईच्या पावसात त्याला शंकासुरापेक्षाही जास्त निचरा लागतो, म्हणून या पुस्तिकेत त्याला एकच प्रकरण दिले आहे. कोरड्या, उंच जागी तो जरूर लावून पाहावा.

आणखी एक गैरसमज धोकादायक आहे. उतार खचू नये म्हणून झुडपे लावतात. शंकासुराची मुळे वरची माती थोडी धरतात, पण कच्ची संरक्षक भिंत तो तोलून धरणार नाही. भिंतीला भेग किंवा फुगा दिसला तर झाड लावत बसू नका, विभाग कार्यालयाला लेखी कळवा. भांडुप पालिकेच्या एस विभागात येते; कार्यालय शास्त्री मार्गावर मंगतराम पेट्रोल पंपाजवळ आहे.

पुढच्या प्रकरणांत बी, माती, कुंडी, छाटणी यांचा महिनावार तपशील आहे. तो पाहून कुणी पन्नास रोपे लावावीत अशी माझी अपेक्षा नाही. आपल्या दारासमोरची सहा तास उन्हाची एक जागा शोधा, येत्या हिवाळ्यात शेजारच्या शंकासुराच्या शेंगा तडकण्याआधी चार बिया मागून घ्या, आणि रोप फुलले की त्याच्या बिया गल्लीतल्या पुढच्या घराला द्या.